शिरवळची खोली

शिरवळात खोली बघायला राणी आणि तिचा बाप भाऊसो गोरड वडूजहून पहाटेच्या एस.टी.नं आले होते. दुपारचे दोन वाजले तरी खोली मिळाली नव्हती.

खोल्या होत्या. हायवेच्या दोन्ही अंगांना कंपन्या झाल्यापासून शिरवळात ज्याच्याकडं म्हणून जागा होती त्यानं खोल्या काढल्या होत्या. पण त्या सगळ्या पगारदार पोरांच्या हिशोबानं. एका खोलीत सहा जण राहायचे आणि भाडं वाटून घ्यायचे. एकट्या पोरीला ते भाडं झेपणारं नव्हतं. मुलींच्या खोल्या होत्या तिथं चार महिन्यांचं आगाऊ मागत होते, वर खानावळीचं वेगळं. एका घरमालकानं भाऊसोचा तांबडा पटका आणि खांद्यावरचं घोंगडं बघून दारातूनच विचारलं, "मेंढरं कुठं बांधणार?"

तो चेष्टा करत होता की खरंच विचारत होता ते भाऊसोला कळलं नाही. तो म्हणाला, "न्हाई न्हाई, मेंढरं गावाकडं हायती. पोरगी एकटीच ऱ्हानार हाय. शिकायला."

"एकट्या पोरीला देत नाही आम्ही," असं म्हणून त्यानं दार लोटलं.

राणीला जनावरांच्या डॉक्टरीला तिसऱ्या फेरीत नंबर लागला होता. तोवर कॉलेजचं वसतिगृह भरून गेलं होतं. कुणी सोडून गेलं तर जागा होईल, प्रतीक्षा यादीत नाव चौथं आहे, असं ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं होतं. फी माफ होती. राहणं-खाणं माफ नव्हतं.

स्टँडवर दोघांनी चहा घेतला. भाऊसो बशीत ओतून फुंकर मारत मारत प्याला. मग म्हणाला, "कालेज दिवाळी झाल्यावरच ना?"

"व्हय."

"दिवाळीला आपला तळ कुटं असतोय?"

"लोणंदच्या आसपास," राणी म्हणाली. "मग भोर. मग घाट."

"म्हंजे शिरवळावरनंच जातूय की आपन." त्यानं बशी खाली ठेवली. "ह्या वर्सी हितंच थांबू. यादीत तुजं नाव आलं की फुडं जाऊ."

राणीला ते एकदम सोपं वाटलं आणि त्याची भीतीही वाटली.

भाऊसो आणि त्याचा धाकटा भाऊ बिरदेव, दोघांची मिळून दोनशेच्या आसपास मेंढरं आणि दुधापुरत्या चार शेळ्या. वडूजच्या पूर्वेला, माळाला लागून त्यांची वाडी. पाऊस संपला की तिथं मेंढराला तोंड लावायला काही उरत नाही. म्हणून दरसाल दसरा झाला की दोन्ही भाऊ, दोघांच्या बायका आणि दोन घोडी मेंढरांबरोबर निघायची. फलटण, लोणंद, भोर करत वरंधा घाट उतरून खाली कोकणात. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, खताच्या बदल्यात धान्य देत. जूनला परत. राणीचा जन्म असाच भोरच्या अलीकडं एका बाजरीच्या रानात झाला होता. शाळेला लागल्यापासून ती वाडीवर आजीजवळ राहिली. पण सुट्टीत तळावर यायची, आणि घोडं लादण्यापासून कोकरू पाजण्यापर्यंत सगळं तिला येत होतं.

बिरदेवला हा बेत पटला नाही.

"शिरवळला काय ठेवलंय, दादा? निस्ती प्लाटिंग. मेंढरानं काय भिताडं चाटायची?"

"नदीकाठाला हाय रान. कॅनालच्या कडंला हाय."

"आन् यादीत नाव न्हाई आलं तर?"

"येतंय की."

"न्हाईच आलं तर?"

भाऊसो घोड्याच्या पाठीवरचं खोगीर उलटून बघत राहिला. थोरल्या भावापुढं बिरदेवनं जास्त ताणलं नाही.

भाऊसोची बायको बयाबाई बाजूला बसून फाटलेलं पोतं शिवत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. शिवून झाल्यावर ती उठली, ती आधी दोन्ही हात जमिनीला टेकून, मग डाव्या कमरेला हात लावून. दोन वर्षांपूर्वी घाटात घोडं घसरलं तेव्हा ती ओझ्यासकट खाली आली होती. तेव्हापासून डावा खुबा धरायचा. महाडच्या डॉक्टरनं आराम करा म्हणून सांगितलं होतं. "आराम कुटं करू, ते बी लिवून द्या म्हनलं," असं ती बायकांना सांगायची आणि हसायची.

दिवाळी वाटेतच झाली. त्यानंतर आठव्या दिवशी शिरवळच्या अलीकडं, कॅनॉलच्या खालच्या अंगाला बाजरी निघालेल्या एका रानात त्यांनी पाल ठोकलं. तिथून कॉलेज साडेतीन किलोमीटर होतं.

राणी चारला उठायची. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, सोडून गुंडाळायची. रानात दोन-तीन रात्री झाल्या की तळ हलवायचा दिवस यायचा. त्या दिवशी आईबरोबर घोडी लादायची. दोन्ही बाजूंनी पोती सारखी तोलून धरायची, वर भांडी, त्यावर पाल, त्यावर कोंबड्यांची डाल, आणि सगळ्यात वर दोन दिवसांची कोकरं. बयाबाई दोरी आवळायला घोड्याच्या पोटाखाली वाकायची तेव्हा तोंडातून आवाज काढायची नाही, पण दात ओठावर दाबलेले दिसायचे. मग राणी कॅनॉलवर दगडाआड आंघोळ करायची, केस पिळायची आणि चालत निघायची. पांढरा ॲप्रन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पालाच्या खांबाला टांगलेला असायचा.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलीनं तिला विचारलं, "तुझ्या ॲप्रनला कसला वास येतो गं?"

"मेंढरांचा," राणी म्हणाली.

"लॅबमधल्या का?"

"घरच्या."

ती मुलगी दीपमाला, सांगलीकडची, तासगावची. द्राक्षबागवाल्यांची. तिला जे वाटेल ते ती तोंडावर बोलायची. तिनं राणीला तळ कुठं, किती मेंढरं, झोपता कुठं, सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "शनिवारी देत जा माझ्याकडं. हॉस्टेलला मशीन आहे." त्यानंतर दर शनिवारी राणीचा ॲप्रन दीपमालाबरोबर जायचा आणि सोमवारी घडी करून यायचा. हे दुसऱ्या कुणाला कळलं नाही. कळलं असतं तरी राणीला फारसं वाटलं नसतं. तिला लाज वाटायची ती इंग्रजीची. हाडं तिला आतून माहीत होती, हातानं माहीत होती. पुस्तकातली नावं मात्र जिभेवर बसत नव्हती.

इकडं मेंढरांचे हाल होते. नदीकाठाचं रान पंधरा दिवसांत संपलं. पुढं जिकडं बघावं तिकडं कंपन्यांनी घेऊन ठेवलेल्या जमिनी. तारेच्या आत गुडघाभर गवत आणि बाहेर खडी. एकदा चाळीसेक मेंढरं तुटलेल्या तारेतून आत शिरली. ती काढायला बिरदेव आत गेला तर वॉचमननं त्याला धरलं. पंचविशीचं पोरगं होतं. त्यानं बिरदेवला कान धरून उभं केलं, पटका काढायला लावला आणि मोबाइलवर फोटो घेतला. "परत दिसलास तर पोलिसात देतो." बिरदेवनं तळावर येऊन कुणाला काही सांगितलं नाही. भाऊसोनं ते लांबून, कॅनॉलच्या भरावावरून बघितलं होतं. त्यानंही सांगितलं नाही. संध्याकाळी त्यानं आपल्या ताटातली भाकरी मोडून अर्धी भावाच्या ताटात ठेवली. बिरदेवनं ती खाल्ली.

तळावर रोज सकाळी एक बाई शेळीचं दूध न्यायला यायची. रेश्मा तिचं नाव. तिचं बाळ वरच्या दुधावर होतं. ती एका कंपनीच्या कँटीनला चपात्या लाटायला होती. दूध मिळेपर्यंत ती बयाबाईजवळ उकिडवी बसून बोलायची. "आमच्यातली एक बाई बाळंतपणाला गेली, काकी. माणूसच मिळत नाही. सगळ्यांना पॅकिंगला जायचं असतं, बसून काम म्हणून."

"चपात्या म्हंजे किती?" बयाबाईनं विचारलं.

"आम्ही आठ बायका. दीड-दोन हजार होत असतील."

"रोजच्या?"

"रोजच्या."

बयाबाईनं तोंडाला पदर लावला. "एवढं कोन खातंय गं?"

नोव्हेंबरच्या शेवटी आभाळ भरून आलं. मेंढरांची लोकर नुकतीच कातरलेली होती. अंगावर बोटभरही केस नव्हते. पहिल्या संध्याकाळी भुरभुर होती. मग वारा सुटला आणि पाऊस लागला तो दोन दिवस थांबला नाही. कोरडी जागाच कुठं नव्हती. काळ्या रानात चिखल झाला आणि मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घालून उभी राहिली. पालात माणसं बसायची तिथं कोकरं ठेवली. घोंगडी, लुगडी, राणीची सतरंजी, सगळं त्यांच्या अंगावर टाकलं. राणी दोन दिवस कॉलेजला गेली नाही. तिच्या मांडीवर दोन कोकरं होती. त्यातलं एक थरथरायचं थांबलं तेव्हा तिला आधी वाटलं, ऊब लागली.

पाऊस उघडला तेव्हा चौदा मेंढरं आडवी होती. नऊ कोकरं, पाच मोठी. त्यातल्या दोन गाभण.

रानाचा मालक सकाळीच आला. माणूस वाईट नव्हता. पण वास सुटायच्या आत उचला म्हणाला. तलाठी आले, दवाखान्याचे डॉक्टर आले. पंचनामा झाला. राणी डॉक्टरांच्या कागदावर छत्री धरून उभी होती. झाडाचं पाणी अजून गळत होतं. तिनं मधेच एका मेंढीचं वय सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. "तुम्ही कॉलेजच्या का?" ती हो म्हणाली. "किती वर्षाला?" "पहिल्या." "बरं," असं म्हणून त्यांनी लिहिलं.

ते गेल्यावर बिरदेव म्हणाला, "डाक्टरीन बाई, आता तुमी सांगा. कशानं मेली?"

"गारठ्यानं, तात्या."

"ते मलाबी कळतंय."

त्याची बायको मनुबाई चिखलातनं भांडी वेचत होती. ती कुणाकडंही न बघता म्हणाली, "घाट उतरलो असतो तर खाली एवढा गारठा नसता." ते खरं होतं.

खड्डा खणून झाला. दुपारी ऊन पडलं. ओली घोंगडी बाभळीवर टाकली होती, त्यांतून वाफा निघत होत्या. भाऊसो आणि बिरदेव दगडावर बसले.

"उद्या निगायचं," भाऊसो म्हणाला.

"व्हय," बिरदेव म्हणाला.

राणी पुढं आली. "आबा, मी येते संगं. पुढच्या वर्षी बघू कालेजचं."

भाऊसोनं मान वर केली नाही. नको म्हणावं असं त्याच्या मनात होतं, पण तिला कुठं ठेवायचं ते त्याला माहीत नव्हतं. बिरदेवलाही हे नको होतं. मघाशी बोलला त्याचं त्याला वाईट वाटत होतं.

बयाबाई घोंगडं पिळत होती. एक टोक तिच्या हातात, एक मनुबाईच्या. पिळता पिळताच ती म्हणाली, "कशाला फुडल्या वर्सी? मी ऱ्हाते हिच्यासंगं."

"कुटं?" भाऊसोनं विचारलं.

"रेश्माच्या गल्लीत खोली हाय एक. पत्र्याची. मी इचारलंय. चपात्याला बाई पायजे म्हनत हुती, तेबी इचारलंय."

"कवा इचारलंस?"

"इचारलं."

मनुबाईनं घोंगड्याचं टोक खाली सोडलं. "म्हंजे आक्का, दोन घोडी, दोन बापई आन् सारा तळ मी एकटीनं करायचा?"

"व्हय. तुज्या बाळंतपनात म्या केला न्हवं का."

"ते दीड म्हैना हुतं."

"हे दोन म्हैनं. यादी लागंतोवर."

मनुबाईनं तिच्याकडं बघितलं, मग राणीकडं बघितलं. वाकून तिनं घोंगड्याचं टोक पुन्हा उचललं. "पिळा," ती म्हणाली. "पानी हाय अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ हलला. बयाबाईनं शेवटचं घोडं लादून दिलं आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मेंढरं गेली, कुत्री गेली, घोडी गेली. भाऊसो वळून बघत होता. तिच्या हातात एक पिशवी, एक पातेलं आणि घोंगडं होतं. आपल्याला आता चालायचं नाही हे अंगाला कळत नसल्यासारखी ती चार पावलं पुढं गेली आणि मग थांबली.

खोली दहा बाय दहाची. वर पत्रा, दारात सात घरांत मिळून एक नळ. घरमालकीण म्हणाली, "घोंगडी आत नको, पिसवा होतात." बयाबाईनं ती पत्र्यावर वाळत टाकली आणि मालकीण गेल्यावर आत घेतली. पहिले दोन-तीन दिवस दार लावलं की तिला घाम यायचा. दार उघडं टाकलं तर गल्लीतली कुत्री आत यायची. मग तिनं दाराला वीट लावून हातभर फट ठेवायची सवय केली.

कँटीनला साडेपाचला हजर व्हायचं. रेश्मानं तिला नेऊन सुपरवायझरपुढं उभं केलं. बाई शहरी होती, पण आवाज चढवून बोलणारी नव्हती. तिनं बयाबाईची नखं बघितली, डोक्याला घालायची जाळीची टोपी दिली आणि दंडातल्या चांदीच्या वाक्यांवर बोट ठेवलं.

"हे काढावं लागेल, मावशी. पिठात काही पडता कामा नये."

"निगत न्हाईत ह्या. लगनात घातल्यात."

"मग कामावर नाही घेता येणार."

नळाखाली साबण लावून रेश्मानं त्या ओढल्या. एक निघाली, दुसरी कोपरावर अडली आणि कातडं सोलून निघाली. दंडावर पांढरा वळ होता, तिथं ऊन कधी लागलंच नव्हतं. बयाबाईनं वाक्या कमरेला खोचल्या आणि पोळपाटापुढं उभी राहिली. हजेरीला अंगठा लावायचं यंत्र होतं. तिचा अंगठा ते ओळखेना. दोरखंडानं आणि भाकरीच्या तव्यानं रेषाच पुसट झाल्या होत्या. तीन दिवस वहीत सही करावी लागली, म्हणजे रेश्मानं नाव लिहायचं आणि हिनं खाली शाईचा अंगठा. चौथ्या दिवशी सुपरवायझरनं करंगळी लावून बघितली, ती लागली. तेव्हापासून बयाबाई करंगळीवर कामाला जाऊ लागली.

अडीचला सुटायची. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, पण जागचं उभं राहायचं होतं. वाकणं नव्हतं, ओझं नव्हतं. घरी आली की ती उंबऱ्यावर पाय लांब करून बसायची. राणी पाचला यायची तेव्हा तिला आई तिथंच दिसायची, गल्लीतल्या बायकांशी बोलताना. स्वयंपाक कमीच करावा लागायचा. उरलेल्या चपात्या बायकांना न्यायला मिळत. राणी बल्बखाली पुस्तक घेऊन बसायची. बयाबाई तिला मधेच विचारायची, "ह्याला काय म्हंत्यात?" आणि आपल्या मांडीवर हात ठेवायची.

"फीमर."

"आन् खुब्याला?"

राणी सांगायची. बयाबाई ते म्हणून बघायची नाही, नुसती ऐकायची.

राणीला वाटायचं, आई कसंबसं दिवस काढतीय. तिला अपराधी वाटायचं. डोळे मिटले की तिला चौदा मेंढरं दिसायची आणि कोपराजवळचं सोललेलं कातडं दिसायचं. एकदा ती म्हणालीही, "थोडंच दिवस हायत, आये. यादी लागंल."

"लागू दे की," बयाबाई म्हणाली.

पहिल्या पगारात तिनं प्लॅस्टिकची एक लाल खुर्ची आणली. राणी म्हणाली, "कशाला गं? जाताना कुठं न्यायची?" बयाबाईनं ती दारात ठेवली, बसून बघितली, पुन्हा उठून भिंतीला सरकवली आणि बसली. पुढच्या आठवड्यात ती रेश्माला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली आणि खुब्याचा फोटो काढून आली. राणीला ते दोन दिवसांनी कळलं, एक्स-रेचं खाकी पाकीट सापडलं तेव्हा.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुजी परीक्षा हुती."

"काय म्हनलं डॉक्टर?"

"झिजलाय म्हनलं. चालनं कमी करा म्हनलं." मग पाकीट तिच्या हातातून घेऊन, "कमीच झालंय की."

यादीतल्या वरच्या तिघींना तोवर जागा मिळाल्या होत्या. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वसतिगृहातली आणखी एक मुलगी दुसऱ्या कॉलेजला गेली आणि राणीचा नंबर लागला. दीपमालाच्या खोलीतच. राणी धावत आली. बयाबाईनं पिठाचा हात तोंडाला लावला, मग पोरीच्या गालाला. "बापाला फोन लाव," म्हणाली.

भाऊसो तेव्हा महाडच्या बाजूला होता. शनिवारी दुपारी तो एस.टी.नं आला. बायकोला घेऊन रविवारी परत जायचं असं ठरवून. त्यानं नवं धोतर नेसलं होतं. गल्लीत विचारत विचारत आला. बयाबाई दारात होती. तिनं त्याला खुर्ची दिली. तो बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात बसल्यासारखा. मग उतरून खाली भिंतीला टेकून बसला. मेंढरांचं सांगितलं. अकरा कोकरं झाली होती. मनुबाईनं एकटीनं सगळं रेटलं होतं, पण आता रोज बोलून दाखवत होती. बिरदेवनं राणीसाठी मध दिला होता. राणीनं बाटली घेतली आणि आपली पुस्तकं पोत्यात भरायला लागली. सोमवारी वसतिगृहात जायचं होतं.

"तुजंबी बांध," भाऊसो बायकोला म्हणाला. "सकाळची भोर गाडी कितीला असती?"

बयाबाई चहा गाळत होती. तिनं तो त्याच्यापुढं ठेवला.

"मी न्हाई येत," ती म्हणाली.

"मग दुपारच्यानं जाऊ."

"न्हाई. येतच न्हाई म्हनते मी. हितंच ऱ्हाते."

राणीचे हात थांबले. भाऊसोनं आधी पोरीकडं बघितलं, हिनं काही सांगितलंय का म्हणून. मग बायकोकडं.

"पोरीला जागा घावली की आता. हितं कुनासाठी ऱ्हायचं?"

"माज्यासाठी." तिला स्वतःलाच ते बोलणं जड गेलं. ती गडबडीनं पुढं म्हणाली, "आवं, माजा खुबा गेलाय. डाक्टरनं फोटू काढलाय. घाट चडायचा मला आता न्हाई जमत. दोन वर्सं जमत न्हाई. म्हनलं न्हाई कवा, एवढंच."

"बोलायचं हुतंस."

"बोलून काय झालं असतं? घोडं काय तुमी लादलं असतं?"

भाऊसोनं बशी उचलली आणि परत ठेवली. गल्लीत नळाला पाणी आलं, बायकांच्या घागरी वाजायला लागल्या. बयाबाई सवयीनं उठली, दोन घागरी दाराबाहेर ठेवून आली, पुन्हा बसली.

"जूनला वाडीवर येते," ती म्हणाली. "तुमी तवा घरी असताय, मीबी येते म्हैनाभर. सुपरवायझर बाईला इचारलंय. पन चालायला न्हाई."

"बिरदेवला काय सांगू?"

"सांगा, वैनी कामाला लागली. आन् मनुला सांगा, माज्या वाटनीचं करायला एक बाई लावा. तिचा पगार मी देते."

भाऊसो तिच्याकडं बघत राहिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याची तयारी तिनं केली होती. तो रागावला नाही. त्यानं विचारलं, "ह्या वाक्या कुटं गेल्या तुज्या?"

"हायत. कामावर चालत न्हाईत."

तिनं पेटीतून काढून दाखवल्या. त्यानं हातात घेतल्या, अंगठ्यानं पुसल्या आणि तिला परत दिल्या.

रविवारी कँटीनला सुट्टी नव्हती. बयाबाई पाचलाच गेली. जाताना भाऊसोच्या उशाला चपात्या आणि ठेचा बांधून ठेवला होता. राणी त्याला स्टँडवर सोडायला आली. गाडीला अवकाश होता. थंडी होती, तो घोंगडं पांघरून बाकावर बसला होता.

"तुज्यासाठी ऱ्हायली, असंच धरून चाललो हुतो मी," तो म्हणाला.

"मीबी," राणी म्हणाली.

"रातच्याला इकडं एकटी असनार ती."

"रेश्मा हाय शेजारी. मी शनवारी येत जाईन."

तो मान हलवत राहिला. भोरची गाडी लागली. गर्दी नव्हती, त्याला खिडकी मिळाली. राणी खाली उभी राहिली. ड्रायव्हर चहा पिऊन आला. गाडी सुरू झाली तेव्हा त्यानं काच सरकवली.

"किती वाजता सुटती ती?"

"अडीचला."

"मग तीनला फोन करतो म्हनावं," भाऊसो म्हणाला. गाडी मागं सरकायला लागली तसं त्यानं पुन्हा डोकं बाहेर काढलं. "रोज करीन म्हनावं. घाटात रेंज नसती, पन करीन."